कंबरेला खोचलेला प्लग

आळेफाट्याजवळ आमचं गाड्यांच्या एसीचं गॅरेज आहे. हात आमच्या ह्यांचे, तोंड माझं. गिऱ्हाइकांशी मीच बोलते, आणि कुणी लई शहाणपणा केला तर चार शब्द ऐकवतेही. पण हायब्रीड गाडी आली की माझी बोलती बंद होते.

साध्या गाडीचा एसी इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. हिचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, दोनशे व्होल्टच्या वर. हात लागला तर माणूस जातो, एवढं मला कळतं. म्हणून आधी डिकीतल्या बॅटरीचा केशरी प्लग उपसायचा, दहा मिनिटं थांबायचं, मीटरवर शून्य बघायचं आणि मगच काम. शेतातली मोटर दुरुस्त करताना डीपीवरचा फ्यूजचा ग्रीप काढून खिशात ठेवतात, म्हणजे दुसरं कुणी बसवायला नको. तसा हा प्लग माझ्याकडे. साडीला खिसा नसतो, मी कंबरेला खोचते.

त्या दुपारी पिंपरी पेंढारचे एक पावणे अशी गाडी घेऊन आले. एसी मध्येच बंद पडायचा. कुणीतरी गॅस भरताना भलतंच तेल घातलं असणार, त्यानं करंट बॉडीत उतरत असेल, असं ह्यांना वाटलं. गाडी खालून काम करायच्या खड्ड्यावर घेतली. पावणे तेव्हा जरा बाहेर गेले होते. प्लग माझ्या हातात देऊन हे खाली उतरले. थोड्या वेळानं खालून म्हणाले, शून्य आहे. आता बारीक नट काढायला हे हातमोजे काढणार, हे मला माहीत होतं.

तेवढ्यात राजुरीहून, माहेरून, वहिनीचा फोन आला. प्लग कंबरेला टोचत होता, तो टेबलावर ठेवला आणि बोलत बाहेर गेले. वहिनीचं बोलणं म्हणजे मारुतीचं शेपूट.

परत आले तर टेबलावर प्लग नव्हता.

आधी वाटलं, पडला असेल. वाकून टेबलाखाली बघितलं. मग गाडीकडे नजर गेली. डिकी उघडी, आणि पावणे स्टिअरिंगवर. पाय ब्रेकवर, बोट बटणाकडे. ते दाबलं की करंट थेट कॉम्प्रेसरपर्यंत. ही गाडी चालू झाली तरी आवाज करत नाही, खड्ड्यातल्या माणसाला कळणारही नाही. एरवी माझं तोंड सगळ्या फाट्याला ठाऊक, पण तेव्हा तोंडाआधी पाय धावले. पळत जाऊन त्यांचं मनगटच धरलं.

पावणे दचकले. हळूच म्हणाले, "ताई, भाऊ कुठं दिसंना, वाटलं च्याला गेलं. गाडीचा प्लग टेबलावर ऱ्हायला व्हता, म्हून बसवला. हवा गार येती का बगत व्हतो."

शिव्या तोंडाशी आल्या होत्या, गिळल्या. चूक कुणाची ते मला ठाऊक होतं. प्लग उपसला, मुठीत धरला. खड्ड्याच्या कडेला बसून ह्यांना म्हटलं, परत मीटर लावा. हे वैतागले, पण लावलं. शून्य. तासभर मी तिथून हलले नाही.

हे वर आले तेव्हा पावण्यांनी विचारलं, एवढ्या करंटात उघडा हात घालता, भ्या वाटत नाय का?

हात पुसत हे म्हणाले, "भ्या कशाचं? प्लग हिच्यापाशी असतोय."

पावण्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मुठीतला प्लग कंबरेला खोचला. ह्यांना मी अजून सांगितलेलं नाही.