गावात नसलेली मुलं

जन्म नोंदलेल्या मुलांची ती यादी आजही स्वप्नात वाचल्यासारखी आठवते. पूर्णा तालुक्यातल्या एका गावच्या अंगणवाडी सेविका ती घेऊन आमच्या पोलीस ठाण्यात आल्या होत्या.

"साहेब, घरोघर डोस पाजत फिरते मी. ही लेकरं आमच्या गावात न्हाईतच."

गोड नावं होती. ग्रामपंचायतीच्या संगणकावर त्यांचे जन्म नोंदले होते, दाखलेही निघाले होते. मुलं मात्र कुठंच नव्हती.

गुन्हा दाखल केला. नोंदी तिथल्या ऑपरेटर बाईंच्या पासवर्डने झाल्या होत्या, त्यामुळे संशय सरळ त्यांच्यावर गेला. महिला शिपायाला सोबत बसवून मी दोन दिवस त्यांची चौकशी केली. बाई एवढंच म्हणत, "मी न्हाई केलं, साहेब." खोटं बोलणारा माणूस रोज नवा तपशील जोडतो. या बाईंचं वाक्य तेवढंच राहिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी साध्या कपड्यात ग्रामपंचायतीत त्यांच्या टेबलाशेजारी जाऊन बसलो. पंखा संथ फिरत होता. खिडकीतून कापसाचे तंतू तरंगत आत येत होते. दाराबाहेर रांग होती. संगणकाच्या पडद्यावर सारखी धोक्याची सूचना देणारी चौकट उगवायची आणि बाईंचं बोट ती मिटवायचं. झोपेतला माणूस माशी हाकलतो, तसं.

"आत्ता काय लिहून आलं होतं?" मी विचारलं.

"कशात, साहेब?"

त्यांना ती खरंच दिसली नव्हती.

"आधी वाचायचे मी," त्या म्हणाल्या. "लय वेळ जायचा, लोक ओरडायचे. अन् कवाच काही बिघडलं न्हाई. मग सोडून दिलं."

मी संगणक जप्त करून सायबर शाखेकडे पाठवला. अशाच चौकटींपैकी एक खरी निघाली. बाहेरचा प्रोग्राम आत घेऊ का, असं त्या चौकटीनं विचारलं होतं. बाईंनी 'हो' दाबलं होतं आणि त्या वाटेने दाखले विकणारा एक जण आत शिरला होता. त्याला आम्ही दुसऱ्या जिल्ह्यातून उचललं. बाई साक्षीदार झाल्या, नोकरीही वाचली.

तोवर मी फसवणुकीची तक्रार घेऊन येणाऱ्यांवर खेकसायचो, "सूचना दिसली नाही का?" माणसाजवळ दिवसभरात लक्ष थोडंच असतं. फुकटच्या इशाऱ्यांत ते खर्चून गेलं, की खऱ्या इशाऱ्याच्या वाट्याला काही उरत नाही, हे मला त्या दुपारी कळलं.

ठाण्याची भिंत सावधगिरीच्या पाट्यांनी भरली होती. मी एक ठेवून बाकीच्या उतरवल्या. दुसऱ्या दिवशी एक म्हातारबाबा त्या एकट्या पाटीपुढं थांबले आणि अक्षरावर बोट ठेवत, मोठ्यानं वाचू लागले.