बेरजेत न आलेल्या पेशी

"सर, या बाकीच्या पेशी कुठे गेल्या?" माझाच रिपोर्ट माझ्या टेबलावर ठेवून मृणालने विचारलं.

मृणाल माझी ज्युनिअर, पुण्याची. अमेरिकेतल्या ज्या फेलोशिपसाठी मी दोनदा अर्ज केला, ती तिला पहिल्या फटक्यात मिळाली. परत येऊन वर्षही झालं नव्हतं, तोवर चंडीगढच्या आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये जो तो "मॅडमना विचारा" म्हणायला लागला. माझा नुसता जळफळाट व्हायचा, खोटं कशाला सांगू?

रिपोर्ट सहा वर्षांच्या ओंकारचा होता. चंडीमंदिरच्या लष्करी छावणीतल्या हवालदार शिंद्यांचा मुलगा. गळ्यात गाठी, प्लीहा पोटभर वाढलेली, प्लेटलेट सारख्या घसरायच्या. कॅन्सर नव्हता. सोमवारी प्लीहा काढायचं ठरलं होतं. ती गेली की साधा संसर्गही जन्मभर जिवावर बेतू शकतो.

माझ्याकडे पेशी ओळखून मोजणारं मशीन होतं. टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, मुख्यतः दोन प्रकारच्या. दोघींची बेरीज एकूण टी-पेशींच्या जवळपास यायला हवी. पण एचआयव्हीच्या रुग्णांसाठी तेवढेच दोन आकडे लागतात, त्यामुळे सवय लागलेली, ते छापायचे आणि मोकळं व्हायचं. बेरीज कोण करतो?

"मशीनचा फरक आहे तो."

"एवढा, सर?"

"तुमच्या अमेरिकेत होत नसेल."

ती निघून गेली.

शनिवारी मी गुपचूप नमुना पुन्हा लावला. दोन्हींत न बसणाऱ्या टी-पेशी ढिगाने दिसल्या. तिचंच बरोबर होतं. मी रिपोर्ट ड्रॉवरमध्ये टाकला आणि घरी गेलो. त्याची लाज आजही वाटते.

रविवारी वॉर्डात शिंदे भेटले. "सायेब, ल्हानपणी माज्याबी गळ्यात अशाच गाठी हुत्या. आपसूक गेल्या. पोराच्या न्हाई का जायच्या?"

बापालाही! म्हणजे आजार आनुवंशिक असणार. मी तसाच मृणालकडे गेलो, रिपोर्ट दिला आणि शिंद्यांचं बोलणं सांगितलं. काम संपलेल्या पेशींनी मरायचं असतं. जीनमध्ये दोष असला की त्या मरत नाहीत, दोन्हींत न बसणाऱ्या होऊन साठत जातात, आणि शरीर स्वतःच्याच रक्तावर उलटतं.

"रिपोर्ट कालचा आहे, सर," तारीख बघून ती म्हणाली.

"हो."

तिने लगेच सर्जनला फोन लावला.

ऑपरेशन रद्द झालं. तोच दोष बापलेकांत सापडला. गोळ्यांवर ओंकारच्या प्लेटलेट सावरल्या. या केसवरच्या शोधनिबंधावर तिचं नाव पहिलं, माझं तिसरं. तेही खुपलं.

हेव्यावर औषध मला सापडलेलं नाही. वाटला तर वाटू द्यावा, रिपोर्ट मात्र त्याच दिवशी द्यावा.