कप्तानाचे टनेज

५ मार्च २०२४, मंगळवार, सकाळी नऊ वाजून पाच मिनिटे. सिंगापूरमधल्या बुओना व्हिस्टाच्या आमच्या कार्यालयात साहेबांनी मला बोलावून एक जर्मन पाणबुडी-कप्तान सोपवला. दुसऱ्या महायुद्धातला, अर्थात केवळ चरित्ररूपाने. टीम लीडच्या पदासाठी आम्ही दोन उमेदवार होतो, आणि प्रत्येकाने निवड समितीपुढे एका नेत्याचे आयुष्य दहा मिनिटांत मांडावे, अशी एचआरची नवी कल्पना होती. भौतिकशास्त्रात पीएच.डी. केल्याचे सार्थक असे अचानक होते.

"संतमहात्मे सगळेच घेतात," साहेब म्हणाले. मूळचे पुण्याचे, आता इथले नागरिक. महायुद्धावरच्या पुस्तकांचे इतके भक्त, की पाणबुड्यांविषयी ते चुलतभावंडांविषयी बोलावे तसे बोलत. "तू कप्तान घे. डायरेक्टर स्वतः नेव्हीतून रिटायर झालेत. लक्षात राहशील."

कप्तान लक्षात राहण्याजोगा होता खरा. विशीत नौदल, तिशीच्या आत स्वतःची पाणबुडी, गळ्यात पदक. पाणबुडी बुडाली तेव्हा हा नेमका वर उघड्यावर उभा, म्हणून वाचला. मग काही वर्षे युद्धकैद, सुटकेनंतर लिफ्टच्या कंपनीत व्यवस्थापकपद आणि म्हातारपणी आठवणींचे पुस्तक. जहाजे तळाशी पाठवण्यात नाव कमावलेल्या माणसाने उरलेले आयुष्य लोकांना वरच्या मजल्यावर नेण्यात घालवले. करिअर बदलणाऱ्यांनी धडा घ्यावा.

त्याची सारी कीर्ती बुडवलेल्या जहाजांच्या टनेजवर, म्हणजे टनांत मोजलेल्या एकूण आकारावर, उभी होती. पेरिस्कोपमधून, धुरात, पळ काढता काढता बांधलेला अंदाज चुकतो, हे समजण्यासारखे आहे. तो दर वेळी वरच्याच बाजूला का चुकावा, हे मात्र कोणी विचारत नाही. युद्धानंतर दोन्ही बाजूंची दप्तरे ताडून पाहिली गेली, तेव्हा कप्तानाचा आकडा बराच आटला. मी स्लाइडवर दोन रकाने केले : दावा आणि पडताळणी. जहाजांवरच्या माणसांसाठी तिसरा रकाना मी केला नाही. स्लाइड आटोपशीर हवी होती.

"अगं, तो पडताळणीचा कॉलम काढ," साहेब म्हणाले. "कप्तानाचं कौतुक करायचंय, ऑडिट नाही."

"पण सर, दाव्याचा आकडा चुकीचा आहे."

"मग तुझ्या अप्रेझलमधला कुठे बरोबर आहे?" ते प्रसन्नपणे हसले. तो त्यांनीच भरला होता.

बंदरातल्या क्रेनचे बिघाड आधी ओळखणारी प्रणाली मी तयार केली होती. अप्रेझलमध्ये लिहिले होते : शंभरातले ब्याण्णव बिघाड ओळखते. ज्या नोंदींवर प्रणाली शिकली, त्याच नोंदींवर तिची परीक्षा घेतली होती. म्हणजे हे पेपर फुटल्यानंतरचे गुण. खऱ्या क्रेनवरच्या चाचणीचा निकाल अजून फक्त मला ठाऊक होता. मला पद हवे होते. मी पडताळणीचा रकाना काढून टाकला.

शुक्रवारी दहा मिनिटे मी अस्खलित बोलले. डायरेक्टर चिनी वंशाचे, सिंगापूरचेच; इथल्या रीतीप्रमाणे इंग्रजी वाक्याला 'आह', 'लाह' अशी शेपटी जोडणारे. टाळ्या वाजवण्याआधी त्यांनी टनेजकडे बोट केले.

"धिस वन क्लेम्ड ऑर कन्फर्म्ड, आह?"

"क्लेम्ड," मी म्हणाले.

"आय नो, लाह. कॅप्टन ऑल सेम."

सगळे हसले. सर्वांत मोठ्याने साहेब. मग डायरेक्टरांनी माझे अप्रेझल पुढे ओढले आणि तेच बोट ब्याण्णववर ठेवले.

"अँड धिस वन?"

साहेबांना छतावरच्या स्प्रिंकलरमध्ये एकाएकी गाढ रस उत्पन्न झाला. मी हिशेब केला. प्रणाली तीन महिन्यांत बंदरावर बसणार होती. ब्याण्णवचे आयुष्य फार तर तेवढे. शिवाय समोरचा माणूस असे आकडे ऐकण्यातच म्हातारा झाला होता. याला प्रामाणिकपणा म्हणण्याचे धाडस मी आजही करत नाही.

"क्लेम्ड," मी म्हणाले.

त्यांनी कागद आणि पेन माझ्याकडे सरकवले. मी ब्याण्णव खोडले आणि शेजारी, वाचता येईल अशा अक्षरात, लिहिले : ६१.