पेणला पोहोचलेला सोमवार

भूत, करणी, नजर... असलं काही कोणी सांगायला लागलं की मी तिथून उठून जाणारा माणूस. सगळं लॉगमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरने आपोआप ठेवलेल्या नोंदींत सापडतं, अशी माझी पक्की समजूत. म्हणूनच हे आजवर कोणाला बोललो नाही.

मी राहतो पेणला, रामवाडीत. नोकरी रोह्याच्या एका केमिकल कंपनीत, आयटीमध्ये, बारा वर्षं. आमच्या हेडची जागा रिकामी झाली आणि ती आता माझीच, असं मी घरी सांगूनही टाकलं होतं. पण मध्ये आला आमच्याच विभागातला प्रसाद. निडी गावचा, भातशेतीवाल्यांच्या घरातला, माझ्याहून आठ वर्षांनी लहान.

सर्व्हर बंद पडला तर काय करायचं, यावर मोठ्या साहेबांनी आम्हा दोघांकडून प्लॅन मागितले. मी म्हटलं, रोह्यातच एका खोलीत दोन मशीन ठेवू — एक पडलं की दुसरं आपोआप काम उचलेल.

प्रसाद म्हणाला, "साहेब, खोलीतच पाणी शिरलं तर दोन्ही जातील ना? आमच्याकडे सगळं बियाणं एकाच कणगीत नाय ठेवत. थोडं मामाच्या घरी असतं."

त्याचं म्हणणं, सर्व्हरची कॉपी पेणच्या ऑफिसात ठेवायची, दर पाच मिनिटांनी ताजी होणारी. साहेब एकदम खूश! माझ्याकडे सर्टिफिकेटं चार, आणि बाजी मारली कणगीने. पोटात असं दुखलं की विचारू नका.

सोमवारी सकाळी अकराला चाचणी ठरली. रोह्याचा सर्व्हर मुद्दाम बंद करायचा आणि पेणची कॉपी चालू करायची. जमलं तर हेड प्रसाद, हे साहेबांनी बोलून दाखवलं होतं. शुक्रवारी तो भातकापणीला घरी गेला. संध्याकाळी मी कॉपी होणंच थांबवलं. कॉपी थांबली की प्रसादला जाणारी धोक्याची मेलही बंद केली. हो, मीच. त्याला साहेबांसमोर तोंडघशी पाडायचं होतं मला.

सोमवारी साहेबांच्या केबिनमध्ये जमलो. रोह्याची नेटची वायर काढली, मग सर्व्हर बंद केला. पेणच्या ऑफिसातल्या मनीषाताई फोनच्या स्पीकरवर होत्या. त्यांनी तिथली कॉपी सुरू केली. मी मनात हसत होतो... शुक्रवारनंतरचं तिथे काहीच नसणार.

"ताई, गेटवरची शेवटची नोंद वाचा," प्रसाद म्हणाला.

"आजचीच हाय. दहा बावन्न. ॲसिडचा टँकर, आत."

तो टँकर मी स्वतः थोड्या वेळापूर्वी खिडकीतून पाहिला होता. रोह्याचा सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर जागेवर जाऊन स्क्रीन पाहिला — कॉपी थांबलेली, शेवटची शुक्रवारी सव्वासहाला. लॉगमध्ये थांबवल्याची एकच ओळ, माझ्या नावाची. पुन्हा सुरू केल्याची कुठेच नाही! मग तीन दिवसांचं सगळं पेणला गेलं कसं?

प्रसाद पेढे घेऊन आला. "दादा, तुम्ही इथं लक्ष ठेवलंत, म्हणून मी घरी निवांत होतो."

पेढा मी कागदात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवला.

अजून उत्तर नाही. विचारायचं तर आधी मी काय केलं ते सांगावं लागेल. आणि खरं सांगू? त्या दिवशी भीती नंतर वाटली. आधी जळलो... जन्मात एकदाच चमत्कार पाहायला मिळाला, तोही त्याच्यासाठी झालेला.