कॅनडाची लेक आणि भूगोलाचे सर

आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या सरांइतका उत्साही माणूस आखाडा बाळापुरात दुसरा नव्हता, आणि दुसऱ्या कुठल्या गावात असलाच तर तिथल्या लोकांची मला खरोखर काळजी वाटते. मधल्या सुट्टीत हे डब्यातल्या भाकरीचा कुरतडून आफ्रिका करीत, पोरांना सहारा दाखवीत आणि मग अख्खा आफ्रिका शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खाऊन टाकीत. सत्तरच्या दशकात एक दिवस शाळेत बातमी आली, की कॅनडातून एलेन नावाची अकरावीतली मुलगी दोन महिने आमच्याकडे शिकायला येणार. झालं! सरांचे पाय जमिनीला लागेनात. घराला चुना दिला, उरलेला कडुलिंबाच्या बुंध्याला दिला, तरी उरला म्हणून शेजाऱ्याची भिंतही रंगवली. "आपली भिंत कुठं संपते हे तिला काहून कळावं?" मला खुर्चीत बसवून तालीमही झाली. "तुमी आता कॅनडा. या, बसा, तकलीफ तर न्हाई ना झाली?" मी गणिताचा मास्तर, पण त्या आठवड्यात बराच वेळ कॅनडाच होतो.

मुलीला डॉक्टरांच्या बंगल्यावर ठेवावं, असं हेडमास्तरांचं मत होतं. सर एकदम उभे राहिले. "माझ्या लहानपणी आमच्या वस्तीत पाहुणा यायचा न्हाई. आला तर पाणी प्यायचा न्हाई. आता हे लेकरू येऊन राहिलंय, ते माझ्याच घरी जेवंल." एलेन सरांकडेच उतरली.

पहिल्या दिवशी पुरणपोळीचा बेत होता. दारात अर्धी गल्ली उभी. रिवाजाप्रमाणे आधी पाहुणीचं पान वाढलं आणि आम्ही सगळे तिच्याभोवती उभे राहिलो. एलेन गोड हसली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली. सर "ईट, ईट" म्हणत, ती "थँक्यू" म्हणे. पोळीवरचं तूप थिजलं, तरी ताटाला बोट नाही. सर मला अंगणात घेऊन गेले. त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. "मास्तर, हिलाबी न्हाई चालत व्हय आमचं?"

तेवढ्यात आत, पहाटेपासून चुलीपुढे राबणाऱ्या सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, दमून एलेनशेजारी टेकल्या आणि गूळ कमी पडला की काय म्हणून त्यांनी टोपलीतल्या पोळीचा तुकडा तोंडात टाकला. त्याबरोबर एलेन ताटावर तुटून पडली! मागून कळलं, तिच्या आईनं बजावून पाठवलं होतं, घरच्यांनी पहिला घास घेतल्याशिवाय आपण जेवायचं नाही. आणि आम्ही तिच्या जेवण्याची वाट बघत ताटकळलेलो! सर हे गल्लीत ओरडून सांगत सुटले, "खाल्लं! माझ्या घरी खाल्लं!" ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं त्यांनाही सांगितलं. तेव्हापासून त्या घरात पाहुण्याआधी घरचे जेवू लागले आणि गावानं नावं ठेवली, तर सर म्हणत, "कॅनडात असंच असतंय."

दोन महिने कसे गेले कळलं नाही. हिंगोलीच्या स्टेशनवर एलेन खिडकीशी बसून रडत होती. वहिनींनी दिलेली शिदोरी सरांनी चारचौघांत, फलाटावरच सोडली, भाकरीचा घास आधी स्वतःच्या तोंडात घातला आणि मग गाठोडं तिच्या हातात दिलं. "आता जेव, बेटा." तिनंही लगेच तुकडा मोडला. गाडी हलली, लांब गेली, दिसेनाशी झाली. सरांच्या तोंडात तो घास तसाच होता.