तिच्या बापाला वर बोलवा

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर हसतच आले. सांगलीत विश्रामबागला राहते, ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते... त्यामुळे हे लिहिताना मीच कचरतेय.

गेल्या उन्हाळ्यात माण तालुक्यात, दहिवडीजवळच्या माहेरच्या मळ्यात गेले होते. धाकटा भाऊ दत्ता तोफखान्यातून रिटायर झालेला. त्यानं लेकीला, स्नेहलला, घरात कोंडलं होतं — बाहेरून कडी! दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न करणार म्हणाली, एवढाच गुन्हा. मी समजवायला गेले, तर हा नव्या विहिरीच्या कामावर, म्हणून मीही विहिरीच्या काठावर गेले.

तळात सुरुंग भरून तारा जोडलेल्या, क्रेनवाला वर काठाशी, आणि दत्ता अजून खालीच. डोंगरामागं आभाळ काळवंडलं, गडगडायला लागलं. वळून बघते तर शेजारी एक मुलगी उभी. अठरा-एकोणीसची, लाल ओढणी. ओळखीची नव्हती.

"तिच्या बापाला वर बोलवा," ती म्हणाली. "आत्ता."

कुणाच्या, हे मी विचारलंच नाही. ओरडले, "दत्ता, वर ये!"

"आलो की अक्का, जरा दम धर!"

"स्नेहलनं जिवाचं काहीतरी केलंय रं!" तोंडातून खोटंच निघालं.

क्रेनच्या बादलीतून तो वर आला तो पांढराफटक होऊनच. आम्ही घराकडं पळालो, मागोमाग क्रेनवालाही. बांध ओलांडतोय तोच वीज कडाडली — आणि मागं सगळे सुरुंग एकदम उडाले.

"ती पोरगी कुठाय?" मी किंचाळले.

"कंची पोरगी?" क्रेनवाला म्हणाला. "तुमी एकट्याच व्हता ताई."

घराच्या पायरीशी मी दत्ताला थांबवलं. मी सगळं सांगितलं, खोटं बोलले तेही. तो पायरीवर बसला. मग म्हणाला, "आमच्या तुकडीत केरळचा एक गडी व्हता. तोफेपाशी सेंट बार्बराचा फोटू ठेवायचा. तोफवाल्यांची, सुरुंगवाल्यांची राखणदार म्हणं. लय जुन्या काळातली पोरगी. येशूला मानायला लागंल म्हणून बापानं बुरुजात कोंडली. तरी ती मानायला लागलीच, तवा त्यानं सोताच्या हातानं तलवार..."



"मग?"

"घरी परतताना बापावर वीज पडली."

तो उठला, आत गेला. कडी काढल्याचा आवाज आला. स्नेहल दारात आली, तर त्याला एवढंच सुचलं — "जेवलीस का गं?"

विजेनं सुरुंग कसा उडतो ते मी फळ्यावर समजावून देईन. पण आसपासच्या वस्त्यांवर विचारलं, लाल ओढणीची मुलगी कुणालाच माहीत नाही. ती बार्बराच होती असं मी म्हणत नाही. पण असेलच... तर जिला बापानंच मारलं, ती दुसरीच्या बापाला वाचवायला का आली?

मला अजून उमगलेलं नाही.