बटणमावशीचा सोमवार

"तीन रविवार, आई! तीन रविवार तुम्ही अंथरुणाला खिळलेल्या. चर्चच्या मंडळीतल्या काळ्या कुत्र्यानं तरी विचारलं का?" सुनेनं औषधाची बाटली टेबलावर आपटली.

"कुत्र्याला कशाला तीन जिने चढायला लावतेस? आणि आज पाळक आले होते की."

"ते घड्याळवाल्यांची बातमी सांगायला आले. तुम्ही आजारी आहात, हे त्यांना आपल्या दारात कळलं!"

घड्याळं दुरुस्त करणारे ते म्हातारे एकटेच राहायचे, उपासनेला दाराजवळच्या बाकावर बसायचे. काल घरमालकानं दार फोडलं, तेव्हा त्यांना जाऊन चार दिवस झाले होते.

"दोन रविवार त्यांची जागा रिकामी होती, हे पाळकांना आज आठवलं," सासू म्हणाली. "तेव्हा कुणाला दिसली नाही."

सगळे तिला बटणमावशी म्हणत. मंडळी सुरू झाली ती तिच्याच पुढच्या खोलीत. माणसं अकरा, आणि शिलाई मशीनवर चादर टाकून केलेलं टेबल. पुढे मोठी इमारत झाली, तरी ती शेवटच्या बाकावरच बसायची. जन्मभर लोकांची मापं घेतलेली. खांद्यांवरून माणूस ओळखायची. कुठले खांदे आले नाहीत हे मनात ठेवायची आणि सोमवारी पिशवी घेऊन त्यांच्या घरी जायची. का आला नाहीत, हे कधीच विचारायची नाही. "काही उसवलंय का?" एवढंच. दुसरं बटण लावून होईपर्यंत समोरचा बोलू लागायचा. कुणाची नोकरी गेलेली, कुणी भावाशी भांडलेला. पुढच्या रविवारी तो यायचा, कधी शेजाऱ्यालाही आणायचा. अकराची अडीचशे माणसं झाली. लोक म्हणत, पाळकांचा उपदेश प्रभावी आहे. तीही मान डोलवायची.

"मी मागेच म्हटलं होतं, सोमवारी मी येते तुमच्याबरोबर," सून हळूच म्हणाली. "तुम्ही म्हणालात, तुझ्या हाताला घाई फार."

"म्हणाले होते." म्हातारीनं पदरानं डोळे पुसले. "माझ्यावाचून कुणाला जमायचं नाही, असं वाटायचं मला. बरंही वाटायचं. त्याची किंमत घड्याळवाल्यांनी मोजली गं."

तिनं उशाची पिशवी ओढली आणि एक तपकिरी बटण काढून सुनेच्या तळहातावर ठेवलं.

"त्यांच्या कोटाचं. जुळणारं मिळायला महिना लागला. उद्या दफनाआधी लाव. दोरा दुहेरी घे."

मुलगा खिडकीशी वर्तमानपत्र वाचत होता. म्हातारी त्याच्याकडे वळली.

"आजपासून पिशवी हिची. रविवारी रिकाम्या जागा ही बघेल, मी इथून नावं सांगेन, जिने ही चढेल. सोमवारचा स्वयंपाक तू करायचास."